एक प्रश्न घेऊन निघा: नागपुरातलं ग्रंथालय, अजब बंगला आणि कलादालन कसं वापरावं

नागपुरात वाढलेल्या कुणालाही आपल्या मध्यवर्ती संग्रहालयाबद्दल विचारा, "अजब बंगला पाहिला का?" उत्तर ठरलेलं असतं, "हो, शाळेत असताना." चौथी-पाचवीत, दोघादोघांच्या रांगेत, पेंढा भरलेल्या वाघासमोर दोन मिनिटं थांबून पुढे. ग्रंथालयाचीही तीच गत. दहावीच्या सुट्टीत काढलेलं कार्ड एखाद्या खणात पडून असतं. कलादालनात तर "आपल्याला चित्रातलं काय कळतं" म्हणून पाऊलच पडत नाही.

गेली काही वर्षं मी भाचीला घेऊन या तिन्ही ठिकाणी नियमित जाते. त्यातून एकच गोष्ट पक्की झाली. "चला, म्युझियम बघून येऊ" म्हणून गेलं की काही हाती लागत नाही. एक लहानसा, आपला स्वतःचा प्रश्न घेऊन गेलं की तेच ग्रंथालय, तेच संग्रहालय भरभरून देतं. म्हणून हा लेख जागांच्या यादीने नाही, एका प्रश्नाच्या वाटेने लिहिते आहे. तुमचा प्रश्न वेगळा असेल, वाट मात्र साधारण हीच राहील.

पहिलं काम: प्रश्न ठरवा

प्रश्न घरातला, गावाकडचा किंवा रस्त्यावरचा असावा. "भारताचा इतिहास" हा प्रश्न नव्हे. "आमच्या गावाचं नाव असं का", "बडग्या-मारबतीची मिरवणूक कधीपासून निघते", "फुटाळा तलावावर हिवाळ्यात दिसणारा तो पक्षी कोणता" हे प्रश्न. आमचा प्रश्न रामटेकहून परतताना गाडीतच निघाला. नगरधनचा फाटा दिसला आणि भाचीने विचारलं, "मावशी, नगरधन म्हणजे धनाचं नगर का? मग धन कुठं गेलं?"

मला उत्तर येत नव्हतं. ते मी तिला तसंच सांगितलं आणि प्रश्न तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून घेतला. हे आवर्जून करा. वहीत लिहिलेला प्रश्न घरी आल्यावर विसरला जात नाही, आणि ग्रंथालयात काउंटरवर बोलायची वेळ आली की मूल वही उघडून स्वतः विचारतं.

ग्रंथालयात: आधी माणसाशी बोला, मग कपाटाकडे जा

नागपुरात पर्याय बरेच आहेत. बर्डीवरचं शासकीय विभागीय ग्रंथालय आहे. झांशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ साली अमरावतीत स्थापन झालेली आणि पुढे नागपुरात स्थिरावलेली संस्था. मेट्रोचं स्टेशन तिथेच उतरवतं. महापालिकेची वाचनालयं आणि अभ्यासिका वस्त्यावस्त्यांत आहेत. शिवाय १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली जुनी-नवी वाचनालयं आहेतच. सुरुवात घराजवळच्या ग्रंथालयापासून करा. मोठ्या ग्रंथालयात महिन्यातून एकदा जाण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या वाचनालयात आठवड्यातून एकदा जाणं जास्त उपयोगाचं.

सभासद व्हायला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, अनामत रक्कम आणि वर्गणी एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. अनामत परत मिळते, तिची पावती जपून ठेवा. विचारून घ्यायच्या गोष्टी तीन: एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांसाठी, आणि फोनवरून मुदत वाढवून मिळते का. वर्गणी परवडत नसेल तरी अडत नाही. वृत्तपत्रं-मासिकं ठेवलेल्या मुक्तद्वार वाचनालयात कुणीही बसून वाचू शकतं.

आता आतली रचना. देवघेव विभागातली पुस्तकं घरी नेता येतात. संदर्भ विभागातली नाहीत. कोश, गॅझेटियर (म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तकं), जुनी नियतकालिकं तिथेच बसून वाचायची. लोक या दाराशीच परत फिरतात. परत फिरू नका, आपल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा याच विभागात असतं. आम्ही नगरधनचं विचारलं तेव्हा काउंटरवरच्या काकांनी भाचीची वही वाचली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "हे घरी नाही नेता येत बेटा, इथंच बसून वाचावं लागते. पण बस, मी काढून देतो." आणि त्यांनी जिल्ह्याचं गॅझेटियर काढून दिलं.

गॅझेटियर ही नागपूरकरांनी ओळख करून घ्यावी अशी गोष्ट आहे. नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलं, ते १९०८चं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर सुधारित आवृत्ती १९६६ साली निघाली. दोन्हींत मोठ्या गावांच्या नोंदी आहेत: नाव, बाजार, देवळं, किल्ले. तुमचं गाव आधी त्यात शोधा. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावरही गॅझेटियर वाचायला मिळतात. पण पहिल्यांदा ग्रंथालयातच पाहा, कारण शेजारच्याच फळीवर आणखी चार कामाची पुस्तकं असतात.

त्या फळीचा क्रमांक टिपून घेणं ही खरी युक्ती. बहुतेक ठिकाणी दशांश वर्गीकरण असतं. मराठी साहित्य ८९१.४६ला, भारताचा इतिहास ९५४ला. एकदा हा आकडा डोक्यात बसला की कुठल्याही गावच्या ग्रंथालयात आपण थेट त्या कपाटापाशी जातो.

पुस्तक हातात आल्यावर सर्वांत आधी प्रकाशनाचं वर्ष बघा. हे आम्ही ठेच लागून शिकलो. नगरधन म्हणजे वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन, इथपर्यंत आमची पुस्तकं एका सुरात बोलत होती. म्हणजे 'धन' हे 'वर्धन'चं झिजलेलं रूप, हे भाचीला तिथेच कळलं. पण वाकाटकांची पुढची राजधानी प्रवरपूर कुठली? महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वर्धा जिल्ह्यातलं पवनार मानली. मिराशी म्हणजे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवणारे, वाकाटकांच्या कोरीव लेखांचा मोठा खंड १९६३ साली संपादित करणारे विद्वान. मग १९९७-९८पासून रामटेकजवळ मनसरला उत्खनन झालं आणि उत्खनन करणाऱ्यांनी मनसर हेच प्रवरपूर असल्याचं मांडलं. भाची गोंधळली, "मग खरं कोणतं?" मी तिला वहीत दोन रकाने करून दिले: एकात कोण म्हणतं, दुसऱ्यात कोणत्या वर्षी आणि कशावरून. हे तिला दहाव्या वर्षी जमलं, मला पदवीला असताना कुणी शिकवलं नव्हतं.

अजब बंगला: एका भेटीत एकच दालन

मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली सर रिचर्ड टेंपल या मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरांच्या काळात सुरू झालं. देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी हे एक. लोकांनी आतल्या अजब वस्तू पाहून त्याला 'अजब बंगला' म्हटलं आणि तेच नाव रुळलं. ऑटोवाल्याला हेच नाव सांगा. मेट्रोने आलात तर झिरो माईल स्टेशनवरून पायी येता येतं. सोमवारी बंद असतं. शासकीय सुट्ट्यांच्या दिवशी आधी चौकशी करूनच निघा.

एक गोष्ट समजून घेतली की इथला संग्रह उलगडतो. नागपूर १९५६पर्यंत राजधानी होतं, आधी मध्य प्रांताची, मग जुन्या मध्य प्रदेशाची. त्यामुळे आज मध्य प्रदेश-छत्तीसगडात असलेल्या भागांतल्या वस्तूही इथे आल्या. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला १८७०मध्ये तांब्याची ४२४ हत्यारं-अवजारं आणि चांदीचे १०२ पत्रे एकत्र सापडले. त्यातला काही भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही इथे राहिला. "बालाघाटच्या कुऱ्हाडी नागपुरात का?" हाच एक चांगला प्रश्न होतो.

शिल्पं, शिलालेख-ताम्रपट, शस्त्रं, आदिवासी कला, चित्रं, पशुपक्षी अशी दालनं आहेत. सगळी एका दिवसात पाहू नका. तासाभराने पाय दुखतात आणि मुलांचे डोळे शेवटच्या दोन दालनांत फक्त बाहेरचा दरवाजा शोधतात. आमचा नियम असा: दालन एक, वस्तू तीन, वेळ एक तास. पहिली दहा मिनिटं नुसतं फिरायचं, मग तीन वस्तू निवडायच्या, मग त्यांच्यापुढेच थांबायचं.

थांबायचं म्हणजे काय करायचं? चित्र काढायचं. चांगलं यावं म्हणून नाही, हाताने काढताना डोळ्याला दिसतं म्हणून. भाची एका विष्णुमूर्तीपुढे फरशीवर मांडी घालून बसली. वीस मिनिटं झाली तेव्हा म्हणाली, "मावशी, या हातात तर शंख आहे, मी भोवरा समजत होते." मूर्तीचं नाक झिजलेलं, एक हात मनगटापासून तुटलेला. पण शंखावरचे वळसे बोटाने मोजता येतील इतके साफ होते. (बोट लावायचं नाही. हाताचा घाम आणि तेल दगडावर बसत जातं. मोजायचं डोळ्यांनी.) हा शंख पुढे आमच्या फार कामी आला.

शिलालेखांच्या दालनात वाचता येत नाही म्हणून घाईने पुढे जाऊ नका. वाकाटकांच्या काळचं लेखन ओळखायची एक खूण मुलांनाही जमते. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी असते, म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक ब्राह्मी म्हणतात. अशी पेटी शोधायला सांगा, मूल अर्धा तास जागचं हलत नाही.

सोबत पेन्सिल न्या, पेन नको. छायाचित्रांची परवानगी तिकिटाच्या खिडकीवर विचारा आणि मिळाली तरी फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशचा उजेड जुन्या रंगांना सोसत नाही, शिवाय काचेत आपलाच चेहरा उमटतो. पाटीचाही फोटो घ्या. घरी आल्यावर "ही मूर्ती कुठली" हे एकालाही आठवत नाही.

शाळेची सहल न्यायची असेल तर आठेक दिवस आधी अभिरक्षकांच्या नावे पत्र द्या. मुलांची संख्या, इयत्ता, तारीख, वेळ लिहाच, पण सोबत विषयही लिहा: "पाचवीच्या चाळीस मुलांना फक्त शिल्पांबद्दल माहिती हवी आहे." विषय लिहिला की समोरच्या माणसालाही तयारी करता येते. चाळीस मुलांचे चार गट करा, प्रत्येक गटाला वेगळं दालन द्या आणि शेवटी व्हरांड्यात एका गटाने दुसऱ्याला सांगायचं. एका लांबलचक रांगेत शेवटच्या दहा मुलांना काहीही ऐकू येत नाही, हे मी शिक्षिका असताना अनेकदा पाहिलं आहे.

प्रश्न वेगळा असेल तर दारही वेगळं. विज्ञानाचा असेल तर गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र, १९९२पासूनचं. रेल्वेचा असेल तर कामठी रोडवर मोतीबागेतलं नॅरो गेज रेल संग्रहालय, २००२चं. छोट्या गाडीची जुनी इंजिनं जवळून बघता येतात. बाबासाहेबांविषयी असेल तर शहराबाहेर चिचोलीचं शांतिवन. त्यांचे कपडे, त्यांच्या वापरातल्या वस्तू, टंकलेखन यंत्र तिथे जतन केलं आहे. दीक्षाभूमीला दसऱ्याच्या दिवसांत पुस्तकांची जी दुकानं लागतात, तीही एक मोठं ग्रंथालयच समजा आणि पिशवी रिकामी घेऊन जा.

कलादालनात: कळण्याची अट नाही

सिव्हिल लाइन्समधलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६चं. महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटकाच्या कला इथे एकत्र येतात. इथली प्रदर्शनं, हिवाळ्यातला ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा, लोकनृत्यं यांवर लक्ष ठेवा. मेळ्यात खरेदीच्या आधी एक काम करा. ज्या कारागिराचा हात चालू आहे त्याच्यासमोर पंधरा मिनिटं बसा. ढोकऱ्याची मूर्ती आधी मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळून घडवतात, वर माती चढवतात, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओततात. हे समोर पाहिलेल्या मुलाला किंमत का तेवढी, हे समजावावं लागत नाही. घासाघीस करायचा मोहही आपोआप कमी होतो.

चित्रप्रदर्शनाला जायची वेळ संध्याकाळची. चित्रकार बहुधा तेव्हा दालनात असतात. "याचा अर्थ काय" असं विचारलं की ते अवघडतात. "हे कशावर केलंय? यात आधी काय काढलं?" असं विचारा, बोलणं सुरू होतं. चित्राखालच्या चिठ्ठीवर लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलं असं समजायचं. विकत घ्यायचं नसेल तरी किंमत विचारण्यात संकोच नको. निघताना अभिप्राय वहीत "छान" एवढंच लिहू नका. कोणत्या चित्रापुढे थांबलात ते लिहा. ते वाचायला चित्रकार वही घरी नेतात. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनंही चुकवू नका, तिथे मुलांना आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी मुलं काय करतात ते दिसतं.

कार्यक्रम कसे गाठायचे

नागपुरात कार्यक्रमांचा तुटवडा नाही. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह, सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकातलं सायंटिफिक सभागृह, शंकरनगरच्या राष्ट्रभाषा संकुलातलं बाबूराव धनवटे सभागृह, सगळीकडे काही ना काही चालू असतं. अडचण एवढीच की कळतं ते दुसऱ्या दिवशी, बातमीतून. त्यावर उपाय जुनाच आहे: वृत्तपत्राच्या स्थानिक पानावर त्या दिवसाच्या कार्यक्रमांचा चौकोन रोज सकाळी वाचा आणि ग्रंथालयात गेलात की सूचना फलकापाशी दोन मिनिटं थांबा.

काही तारखा मात्र दरवर्षीच्या, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. १८ मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १२ ऑगस्ट ग्रंथपाल दिन, डॉ. रंगनाथन यांची जयंती. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. या दिवसांच्या आसपास ग्रंथालयं-संग्रहालयं काहीतरी करतातच, एरवी पेटीत असलेल्या वस्तूही कधी बाहेर येतात. ग्रंथालय संचालनालयाचा जिल्हा ग्रंथोत्सवही असतो. दिवाळीनंतर वाचनालयात दिवाळी अंक योजनेची चौकशी करा. थोडी जास्तीची वर्गणी भरून महिनोन्‌महिने अंक वाचायला मिळतात. आमच्या घरी दिवाळी खरं तर त्या योजनेमुळे होळीपर्यंत चालते.

तारीख ठरवताना दोन गोष्टींचं भान ठेवा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा सिव्हिल लाइन्स आणि बर्डीचे रस्ते बंदोबस्ताने आणि मोर्चांनी अडलेले असतात. त्या दिवसांत लहान मुलांना घेऊन तिकडे जाऊ नका. आणि मे महिन्यात दुपारी बारा ते चार बाहेर पडूच नका; सकाळी ग्रंथालय, संध्याकाळी कार्यक्रम. निघण्याआधी फोन करा. एका संस्थेचं व्याख्यान ऐकायला मी भाचीसह पावसात, दोन गाड्या बदलून गेले होते. कार्यक्रम आदल्या दिवशीच पुढे ढकलला होता, दारावर चिठ्ठीसुद्धा नव्हती. मूल ओलं, मी हताश. तेव्हापासून फोन केल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही.

स्वतः काही द्यायचं असेल तर

वाचून संपलेली पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची तर पोती नेऊन टाकू नका. नाव, लेखक, वर्ष अशी यादी आधी द्या, त्यांना हवी ती त्यांना निवडू द्या. गाइडं आणि जुनी पाठ्यपुस्तकं त्यांच्या गळ्यात घालू नका.

वस्त्यांतल्या मुलांसाठी वाचनाचा कार्यक्रम करायचा तर मोठं सभागृह शोधत बसू नका. वाचनालयाचीच खोली मागा, रविवारची सकाळ. एक सतरंजी, पंचवीस मुलं, एक मोठ्याने वाचणारं माणूस आणि पाण्याचा माठ. माइक नको, माइक आला की मुलं बोलायची थांबतात.

आणि जुन्या वस्तू. घरात पणजोबांची पोथी असेल, गावाकडे नांगरताना नाणी निघाली असतील, तर हे नीट वाचा. नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. वरचा हिरवट थर धातूला जपतो. घासलं की अक्षरं जातात आणि त्यांच्यासोबत नाण्याचं गावही जातं. जिथे सापडलं ती जागा आणि खोली लिहून ठेवा. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८च्या कायद्याने बंधनकारक आहे. परस्पर सोनाराकडे नेणं हा गुन्हा आहे. पोथीवर प्लास्टिक चढवू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. धुतलेल्या सुती कापडात बांधा आणि जाणकाराला दाखवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतं, म्हणून विक्रीचा विचारही चौकशीशिवाय करू नका.

शेवटी त्या जागी जा

ग्रंथालय, संग्रहालय झालं की प्रश्न जिथे सुरू झाला तिथे परत जा. आमच्या वहीत तोवर एक नवी ओळ आली होती. नगरधनला अलीकडे, २०१५पासून काही वर्षं, उत्खनन झालं. त्यात मातीची एक लहान, लंबगोल मुद्रा मिळाली. तिच्यावर ब्राह्मीत वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचं नाव आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी नवरा गेल्यावर लहान मुलाच्या वतीने इथे राज्य चालवत होती. आणि नावासोबत त्या मुद्रेवर आहे शंख. ग्रंथालयात ते वाचलं तेव्हा भाचीने काही न बोलता वही मागे उलटली आणि विष्णूच्या हातातला तो वळसेदार शंख माझ्यासमोर धरला.

रामटेक नागपूरहून साधारण पन्नास किलोमीटर. सकाळी सातला निघा. आधी गडावर जा. कालिदासाच्या 'मेघदूता'तल्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असं मिराशींचंही मत होतं. ऊन चढायच्या आत उतरा आणि दक्षिणेला नगरधनच्या किल्ल्याकडे वळा. दिसतो तो किल्ला भोसल्यांच्या काळातला. वाकाटकांचं नगर पायाखालच्या मातीत आहे. त्यामुळे शेतात खापराचे तुकडे दिसले तर पाहा, उचलून खिशात घालू नका. पाणी, टोपी, पेन्सिल सोबत घ्या, आणि वहीची चार पानं कोरी असू द्या. आमची पुरली नाहीत. भाचीने शेवटचा प्रश्न मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लिहिलाय: "राणी स्वतः लिहायची का, की तिचा कुणी लेखनिक होता?" येत्या रविवारी तो घेऊन आम्ही पुन्हा त्या काउंटरवरच्या काकांकडे जाणार आहोत.